आज रात्री जेवायला काय?

२०२२ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. सामान्य काळातील सोळावा रविवार होता आणि त्या दिवशीचे शुभवर्तमान संत लूकच्या दहाव्या अध्यायातील होते. प्रभू येशू मार्था आणि मरिया ह्या बहिणींच्या घरी येतात, मरिया त्यांच्या चरणांशी बसून ऐकत राहते आणि मार्था कामाच्या धांदलीत त्रासून जाते, हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. धर्मगुरू झाल्यापासून ह्या प्रसंगावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. त्या रविवारीही केले. मरियेची स्तुती केली, मार्थेला हळुवार शब्दांत समज दिली आणि समाधानाने वेदीकडे वळलो.

मिस्सा संपल्यावर एक भगिनी भेटायला आल्या. त्या वसईहून रोज मुंबईला नोकरीला जातात. घरी सासू-सासरे, पती आणि दोन मुले आहेत. त्या हसत म्हणाल्या, “फादर, प्रवचन छान झालं. पण त्या दिवशी मार्थाही खाली बसली असती, तर प्रभूंना रात्री जेवायला काय मिळालं असतं?” मीही हसलो. मग त्या जरा गंभीर झाल्या. “स्वयंपाकाचा कंटाळा नाही हो, फादर. हात चालतात. पण आज काय करायचं, हे रोज मीच ठरवायचं, त्याचा थकवा येतो. गाडीत बसायला जागा मिळाली तरी डोकं बसत नाही. घरी विचारलं तर सगळे एकच सांगतात, काहीही कर.”

मी काहीतरी सांत्वनपर बोललो असेन. काय बोललो ते आज आठवत नाही. त्यांचे वाक्य मात्र आठवणीत राहिले, कारण पुढच्याच महिन्यात त्याचा अर्थ मला भोगून कळायचा होता.

आमच्या धर्मगुरू-निवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा आठवड्यांच्या रजेवर गेल्या. निवासात आम्ही तिघे: मी, एक तरुण सहायक धर्मगुरू आणि विश्रांतीसाठी आमच्याकडे राहिलेले एक वयोवृद्ध धर्मगुरू. सकाळच्या न्याहारीला पाव होता. दुपारचा डबा एका घरातून येई. प्रश्न फक्त रात्रीच्या जेवणाचा होता. मला बऱ्यापैकी स्वयंपाक येतो, त्यामुळे हे काम मी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. तीन माणसांचे जेवण ते काय!

पहिल्या रात्री खिचडी केली. दुसऱ्या रात्री अंड्याचा रस्सा. तिसऱ्या रात्री पुन्हा खिचडी. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुगाची उसळ करावी असे मनात आले, डबा उघडला आणि लक्षात आले की मूग भिजवलेलेच नाहीत. मोड आलेल्या मुगाची उसळ बुधवारी हवी, तर तिचा निर्णय सोमवारीच व्हावा लागतो. मूग भिजवायचे, उपसायचे, फडक्यात बांधून ठेवायचे. पन्नाशी उलटलेल्या मला हे त्या दिवशी प्रथमच उमगले. उसळ मी आयुष्यभर खात आलो होतो. ती ताटात येण्याच्या दोन दिवस आधी कुणाच्या तरी मनात शिजू लागते, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी सहायक धर्मगुरूंना विचारू लागलो, “फादर, आज काय करू या?” ते अदबीने म्हणत, “काहीही चालेल, फादर.” वयोवृद्ध फादर म्हणत, “माझी काळजी करू नका, काहीही द्या.” दोघेही मनाने उदार. पण एकाला आम्लपित्ताचा त्रास, त्यामुळे तिखट-आंबट वर्ज्य. दुसऱ्यांना मधुमेह, म्हणून भात आणि बटाटे बेताचेच. म्हणजे ‘काहीही’ ह्या शब्दातून जवळजवळ सर्वच पदार्थ वजा होत. त्यात फ्रिजमधली भेंडी चिकट होऊ लागलेली, आदल्या दिवसाची आमटी उरलेली, शुक्रवारी मांस नको. दुपारी विवाहाची कागदपत्रे तपासताना, इतकेच काय, एकदा दफनविधीहून परतताना माझ्या मनात रात्रीच्या भाजीचा विचार चालू होता. त्याची मला लाज वाटली. मार्थेला समज देणारा मी दोन आठवड्यांत स्वतःच मार्था झालो होतो.

सेमिनरीत आमचे प्रशिक्षण पुष्कळ वर्षे चालले. विवेकाने निर्णय कसा घ्यावा, हे नीतिशास्त्राच्या वर्गात शिकलो. संत इग्नाती लोयोलाच्या पद्धतीने आत्मपरीक्षण करायला साधनेत शिकलो. पण त्या साऱ्या वर्षांत रात्री काय जेवायचे हा निर्णय आम्ही एकदाही घेतला नाही. घंटा होई आणि आम्ही मेजावर जाऊन बसत असू. घरातही त्याआधी तेच घडले होते. तेथे घंटेच्या जागी आई होती.

आमची वसईतील वाडी लहान. वाडीतली भाजी घेऊन आई पहाटेच्या गाडीने दादरला जाई आणि दुपारी परते. टोपलीच्या तळाशी जी वाकडी वांगी किंवा कोमेजलेली मेथी न विकता उरे, ती रात्रीच्या जेवणाची पहिली सूचना असे. कोळीण पाटी घेऊन दारावरून गेली तर दुसरी. समुद्राला उधाण आहे की भांग, ह्यावर तिच्या पाटीत काय असेल ते ठरे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की आईची नजर उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या डब्यांकडे वळे: सुके बोंबील, जवळा, सोडे. ते डबे ऑगस्टपर्यंत पुरले पाहिजेत, हा हिशेब ती मे महिन्यात करीत असे. आठवड्यातील एकाच दिवसाचा निम्मा निर्णय ख्रिस्तसभेने तिच्या डोक्यावरून उतरवला होता. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६६ साली उपवासाच्या नियमांत बदल केले, तरी आमच्या घरी दर शुक्रवारी मांस वर्ज्यच राहिले. आम्हा मुलांना तो नियम जाचक वाटे. आता वाटते, एक दिवस तरी निवडीचा भार थोडा कमी झाल्याने आईला तो सोयीचा वाटत असेल.

सायंकाळी सातची घंटा झाली की देवदूताची प्रार्थना आणि मग जपमाळ. त्याआधी आई आम्हा पाच भावंडांना विचारी, “काय करू रे आज?” आम्ही खेळता खेळता ओरडत असू, “काहीही कर!” आणि जेवायला बसल्यावर जवळ्याची चटणी पाहून तोंडे वाकडी करीत असू. जपमाळेत दोन दशकांच्या मधल्या क्षणी आई ताईच्या कानात पुटपुटे, “चूल बघ गं, वरण लागेल.” सेमिनरीत गेल्यावर सुट्टीत घरी आलो असता हे कुजबुजणे मला खटकले आणि प्रार्थनेतील एकाग्रतेविषयी मी आईला चार शब्द सुनावले. ती काही बोलली नाही. सहा माणसांचे वरण करपू न देता ती पवित्र मरियेला हाक मारीत होती. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी कराव्या लागत होत्या, कारण त्यांतली एक तिच्याकडून घ्यायला कुणी पुढे येत नव्हते.

पवित्र शास्त्र ह्या प्रश्नाकडे तुच्छतेने पाहत नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर अरण्यातील आपल्या लोकांना मान्ना देतो, तेही रोजच्या रोज, त्या दिवसापुरता. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी गोळा करायला जावे लागू नये. पण गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात हेच लोक कुरकुर करू लागतात. त्यांना मिसरातले मासे आठवतात, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूणही आठवतो. घराघरांतील आयांनी हा अध्याय जरूर वाचावा. ताटावरची कुरकुर खुद्द परमेश्वरालाही चुकलेली नाही.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेले आहेत. पहाटे किनाऱ्यावर येतात तो कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे ठेवलेले आणि भाकरही तयार. पुनरुत्थित प्रभूने काय करायचे ते आधीच ठरवले होते. दमून आलेल्यांना त्याने काही विचारत बसवले नाही. मात्र, आत्ता धरलेल्या मासळीतूनही थोडी आणा, असे त्याने त्यांना सांगितले. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हा प्रसंग अगदी घरचा वाटतो. त्यात मला अलीकडे दोन गोष्टी दिसतात: दमलेल्याच्या डोक्यावरचा विचार आपण उचलणे ही प्रीती आहे, आणि तो विचार एकट्यानेच न वाहता इतरांनाही त्यात हातभार लावू देणे हीसुद्धा प्रीतीच आहे.

मावशी परतल्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी एक कागद दिला. आठवड्याचे सात दिवस आम्ही तिघांनी वाटून घेतले होते. ज्याचा वार, त्याने आदल्या रात्रीपर्यंत पदार्थाचे नाव मावशींना सांगायचे. ‘काहीही’ हा शब्द त्या दिवशी बाद. रविवार मावशींच्या मनाचा. मावशींनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “फादर, सहा आठवड्यांत पुष्कळ शिकलात!”

त्या भगिनींनाही मी ही गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी आता स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर प्रत्येक वारासमोर एकेकाचे नाव असते. धाकट्या मुलाच्या मंगळवारी बहुधा अंडीच असतात. आजोबांचा वार पिठले-भाकरीचा. पतीचा गुरुवार, त्या दिवशी लागणारे सामान स्टेशनवरून येताना तेच आणतात. सर्व काही सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. नावे लिहिली तरी आठवण त्याच करून देतात आणि परीक्षेच्या दिवसांत सगळे वार पुन्हा त्यांच्याच वाट्याला येतात. पण त्या मला म्हणाल्या, “निदान आता घरात सगळ्यांना कळलंय की हे एक काम आहे.”

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगणे मला सोपे नाही.

शेवटच्या काळात आईला स्मृतिभ्रंश झाला होता. माणसांची नावे गेली, वर्षे गेली, मी धर्मगुरू आहे हेही अधूनमधून जाई. पण संध्याकाळ झाली की अंथरुणावर ती अस्वस्थ होऊन विचारी, “आज रात्री जेवायला काय करायचं?” २०१७ साली एकदा मी थोरल्या भावाच्या घरी तिला भेटायला गेलो होतो. सहाचा सुमार होता. तिने माझा हात धरून हाच प्रश्न केला. मी तिला थोपटले आणि प्रेमानेच म्हणालो, “काहीही कर, आई.” तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “आई, आज मसूरची आमटी करू, भात लावू आणि दोन सुके बोंबील भाजू. चालेल ना?” आईने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, “आमटीत कोकम घाल.” आणि शांत पडून राहिली.

आजारी माणसाची समजूत काढण्याची ती एक युक्ती आहे, असे मला तेव्हा वाटले. पुढच्या वर्षी आई गेली. त्यानंतर चार वर्षांनी, न भिजवलेल्या मुगाच्या डब्यासमोर उभा असताना मला कळले की ती युक्ती नव्हती. आम्ही पाच भावंडांनी इतक्या वर्षांत जे उत्तर आईला कधी दिले नाही, ते त्या संध्याकाळी वहिनींनी दिले होते.

सोमवार आणि गुरुवार हे माझे वार आहेत. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी मी मावशींना पदार्थाचे नाव सांगतो. उद्या मसूरची आमटी. कोकम घालून.