चेसिसची झडती

भिवंडीच्या अंजूरफाट्याजवळ कंटेनरांच्या रांगेतून वाट काढीत असता एका ट्रेलरच्या मागील अंगास माझी बुलेट थडकली; मला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, वाकलेले फोर्क यथावकाश बदलून झाले, तथापि त्यानंतर गाडी म्हणून काही सरळ चालेना. हँडल किंचित उजवीकडे दाबून धरावे तेव्हा कोठे ती मार्गावर राही. कोनसेट बदला, टायर बदला, अशा मसलती फुकट मिळाल्या आणि त्यांपैकी काहींचे पैसेही पडले.

अखेरीस गाडी कल्याण नाक्यामागील ज्या वृद्ध मिस्त्रीकडे नेली, तो मूळचा यंत्रमागांचा जॉबर. मागांच्या बिडाच्या चौकटी दोरीने आणि पाणसळीने जमिनीवर बसविण्यात त्याची उमेद खर्च झालेली. सारी गल्ली त्याला चाचा म्हणे. "साहेब, चेसिसवर आळ सगळ्यांत शेवटी घ्यायचा," असे बजावून त्याने आधी इतरांची झडती घेतली: रिम आउट आहे काय, मागच्या चिमट्याच्या बुशांत खेळ आहे काय, चेन ताणण्याच्या खाचा दोन्ही अंगांस सारख्या आहेत काय, फोर्क टीमध्ये पिळला गेला आहे काय. हे सारे निर्दोष ठरल्यावरच त्याने सुताची दोरी काढली.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करून त्याने दोरी मागच्या टायरला पाठीमागून वळसा घालून दोन्ही पदर पुढच्या चाकापलीकडे ठेवलेल्या विटांना बांधले, आणि मागच्या टायरच्या पुढील कडेस ते जेमतेम स्पर्श करतील इतक्या बेताने विटा सरकविल्या. माझ्या गाडीचा पुढचा टायर ३.२५ इंची व मागचा ३.५० इंची, तेव्हा हिशेबाने पुढच्या चाकाच्या प्रत्येक बाजूस इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, फट राहावयास हवी होती. प्रत्यक्षात डावीकडे दोरी रबराला टेकली आणि उजवीकडे दुप्पट फट पडली. ओळंबा लावून पाहता मागचे चाक उभे आणि पुढचे कललेले आढळले, म्हणजे चेसिसचे मुंडकेच पिळले होते.

बुलेटच्या या जुन्या रचनेत पुढचा नळा इंजिनापाशी संपतो व इंजिन हाच चौकटीचा एक दुवा असतो. म्हणून इंजिन उतरवून त्याच्या जागी लोखंडी ठोकळा कसण्यात आला, मुंडक्यातून लांब भरीव शाफ्ट आरपार घातला गेला, आणि साखळी व स्क्रू-जॅक यांच्या साहाय्याने त्यावर ताण देण्यास आरंभ झाला. पोलाद हट्टी, ताण सोडताच ते बरेचसे मागे येते, म्हणून हव्या त्या मापाच्या थोडे पलीकडे ओढून सोडावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे. मी गॅस लावण्याची सूचना केली, तेव्हा चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "पाइप तापवला की नरम पडतो; आज सरळ होईल, उद्या खड्ड्यात परत वाकेल." चेसिस क्रमांक मुंडक्यावरच ठोकलेला, तो साखळीने घासला गेला तर आर.टी.ओ.च्या दप्तरात कैफियत देता देता पुरेवाट होईल, या धास्तीने त्यांनी त्यावर जाड चामडे गुंडाळले होते. जोडांवर रॉकेल फिरवून चिरा पडल्या आहेत काय हेही पाहिले. तशी चीर निघाली असती तर हात लावणार नव्हते.

शेवटच्या मापात डावी फट उजवीहून जेमतेम मिलिमीटरभर कमी भरली. तेवढीही काढावी असा माझा आग्रह होता. परंतु आणखी एक ओढ म्हणजे नळ्याच्या आयुष्यातून काही वजा करणे, असे सांगून चाचांनी साखळी सोडली आणि पोऱ्याला इंजिन चढविण्याचा हुकूम दिला.