लोकापूरच्या दगडातले चिरोटे

बेळगावहून यरगट्टीमार्गे बागलकोटकडे निघाले की वाटेत लोकापूर लागते. चुनखडी, सिमेंट आणि झाडांच्या पानांवर बसलेली पांढरी धूळ ही या भागाची ओळख. सौ.चे माहेर मुधोळ, त्यामुळे रस्ता अंगवळणी पडलेला. पण इथल्या दगडांत शंभर कोटी वर्षांहून जुन्या जीवांच्या खुणा आहेत असे वाचनात आले, आणि यंदा दिवाळीनंतर मुद्दाम उतरलो.

नाल्याकाठच्या राखाडी खडकावर धाकटीने बाटलीतले पाणी ओतले, तशा रेघा उठून दिसल्या. एकीवर एक उपड्या ठेवलेल्या वाट्या जणू. "चिरोट्याचे पापुद्रेच हे!" सौ. म्हणाली. सासरेबुवांनी शेतातल्या एका गृहस्थांना विचारले. "सुण्णद कल्ल ऐतिरी, अष्ट," ते म्हणाले. चुन्याचा दगड आहे, एवढेच.

त्यांचे खोटे नाही. फक्त हा चुना साठताना इथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांची बुळबुळीत साय पसरलेली होती. सायनोबॅक्टेरिया हे त्यातले मुख्य जीव. साईवर गाळ बसे, चुना साचे, आणि उजेडासाठी जीव पुन्हा वर सरकत. असा थरावर थर चढून जो दगड झाला, त्याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

या जीवांचे कूळ त्याहूनही कितीतरी जुने. पृथ्वी लहान होती तेव्हा सूर्यच मंद होता, आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी. एवढ्या उन्हात समुद्र गोठायला हवे होते. पण हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि बहुधा मिथेनही होता. त्या वायूंच्या गोधडीने ऊब धरली, पाणी पातळ राहिले. त्या पाण्यात जीव उन्हावर जगायला शिकले. पुढे सायनोबॅक्टेरियांनी पाण्याचाच रेणू फोडण्याची युक्ती साधली. पाण्याला काय तोटा! उरला तो प्राणवायू त्यांनी बाहेर टाकला.

आधी तो समुद्रात विरघळलेल्या लोहासारख्या पदार्थांतच खर्ची पडला. सोंडूरच्या डोंगरांतले आणि गोव्याच्या खाणींतले पट्टेदार लोहखनिज अशाच प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेले आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी मात्र प्राणवायू हवेत साठू लागला. त्याने मिथेनचा फडशा पाडला, गोधडी विरली आणि पृथ्वी हिमयुगात गेली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या उबेत हे जीव वाढले, तीच त्यांनी घालवली. मला तर हे एखाद्या भरल्या घरातल्या भाऊबंदकीसारखे वाटते.

तरी ते टिकले. बर्फ ओसरले आणि उथळ, उबदार पाण्यात साय पुन्हा धरली. लोकापूरचे पापुद्रे त्या नंतरच्या काळातले. आपल्या अंगणातल्या तुळशीच्या पानात जे हिरवे कण उन्हावर अन्न शिजवतात, तेही याच कुळातले: फार पूर्वी एका मोठ्या पेशीने असा एक जीव पोटात घेतला आणि तो तिथेच नांदला.

राजस्थानात झामरकोटडा आणि भोजुंडा इथले असे दगड राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहेत. आपल्याकडची चुनखडी भट्टीत जाते. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो, कोळशाचा धूर वेगळाच. जुन्या समुद्राने दगडात कोंडलेला वायू आपण परत मोकळा करतो आहोत. आमचे घरही सिमेंटचेच, तेव्हा कारखान्याला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. पण नाल्याकाठचा एखादा बरा तुकडा कुंपण घालून, कन्नड-मराठी पाटी लावून राखला, तर खाणीचे काय जाणार आहे?

सासरेबुवांनी हे सगळे त्या गृहस्थांना कन्नडमध्ये समजावले. त्यांनी खाली बसून खडकावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, बांधापलीकडे याहून मोठे आहेत, चला दाखवतो.