विकत घ्यावी ती डिस्कच

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनू,

‘मामा, सगळं अ‍ॅपवर असताना तू अजून डिस्क कशाला घेतोस?’ असं परवा फोनवर विचारलंस. बोलण्यात ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तू ‘इव्हँजेलियन’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका नेटफ्लिक्सवर दोन दिवसांत संपवलीस. नव्वदच्या दशकात अमेरिकेत तीच मालिका व्हिडिओ कॅसेटवर आली तेव्हा २६ भागांच्या १३ कॅसेट होत्या. एकीची किंमत साधारण ३० डॉलर, म्हणजे सगळी मालिका चारशेच्या घरात. इंग्रजीत डब केलेली कॅसेट वेगळी, जपानी आवाज आणि सबटायटल्सवाली वेगळी. ही दुसरी बहुधा महाग. ज्यांना झेपायचं नाही ते फॅनसब मागवत. चाहतेच जपानी लेझरडिस्कवरून भाषांतर करून सबटायटल्स चढवायचे. आपण कोरी कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. प्रतीवरून प्रत काढत गेल्यावर लाल रंग कडेने पसरायचा, अक्षरं थरथरायची, तरी लोक डोळे ताणून बघायचे. होता तो कायद्याबाहेरचाच कारभार, पण त्यांचा एक दंडक होता: इथल्या कंपनीने मालिकेचे हक्क घेतले की वाटप बंद. त्या मंडळींबद्दल मला अजून आदर आहे.

डीव्हीडी आली आणि दोन्ही भाषा एकाच डिस्कवर आल्या. पुढे संच स्वस्त झाले, पण इंटरनेटवर फुकट प्रतींचा सुळसुळाट झाला. अशा मालिका इथे विकणाऱ्या कंपन्यांपैकी जेनिऑनने २००७ मध्ये इथलं वितरण थांबवलं. २००९ मध्ये सेंट्रल पार्क मीडिया दिवाळखोरीत गेली, एडीव्ही फिल्म्स मोडीत निघाली. त्याच वर्षी क्रंचीरोल या संकेतस्थळावर ‘नारुतो शिप्पूडेन’चे भाग जपानपाठोपाठ अधिकृतपणे दिसू लागले. चाहत्यांची ती मोठीच सोय झाली, हे मी नाकारत नाही.

पण पुढचं ऐक. सोनीच्या मालकीच्या फ्युनिमेशन या कंपनीने २०२१ मध्ये क्रंचीरोल विकत घेतली. १९८७ मध्ये सुरू झालेलं, अ‍ॅनिमे विकणारं आयोवातलं राइट स्टफ हे दुकान २०२२ मध्ये क्रंचीरोलकडे गेलं आणि पुढच्या वर्षी ते नावही पुसलं गेलं. फ्युनिमेशनच्या डिस्कच्या खोक्यात कोड असायचे. ते भरले की डिजिटल प्रत खात्यावर जमा. एप्रिल २०२४ मध्ये फ्युनिमेशनचं अ‍ॅप बंद झालं आणि लोकांच्या त्या सगळ्या प्रती गेल्या. त्याच खोक्यातली डिस्क मात्र आजही चालते.

आणि तुझी ‘इव्हँजेलियन’? प्रत्येक भागाच्या शेवटी ‘फ्लाय मी टू द मून’ हे गाणं होतं. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये अमेरिकेत मालिका आणली तेव्हा ते काढून टाकलं होतं. नंतरच्या ब्ल्यू-रेवरही इथे ते नाही. जुन्या डीव्हीडीवर आहे! म्हणूनच मला डिस्क हवी असते. हक्क बदलोत, कंपनी विकली जावो, माझ्या कपाटातल्या मालिकेला कुणी कात्री लावू शकत नाही.

आता मोठ्या दुकानांत डिस्क कमीच दिसतात. बेस्ट बायने २०२४ मध्ये विक्री बंदच केली. डिस्कोटेकसारखी छोटी कंपनी मात्र विस्मरणात गेलेल्या मालिका शोधून नेटक्या ब्ल्यू-रेवर काढते. पैसे द्यावेत तर अशांना.

तुझ्या आवडीची एक मालिका कळव, दिवाळीत येताना घेऊन येतो. फक्त इथली डीव्हीडी रीजन १ ची, भारतातली ५ ची. ब्ल्यू-रेचेही रीजन वेगळे. तेव्हा सगळे रीजन चालतील असा प्लेअर आतापासून शोधून ठेव.

तुझा,
मामा