खेळातली साथ आणि वसतिगृहाचे फाटक

हा लेख एका व्हिडिओ गेमविषयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. स्मरणिकेत असा विषय पाहून माझे वर्गबंधू हसतील याची मला कल्पना आहे. आपल्या वसतिगृहात बुद्धिबळाचा एकच संच होता आणि त्यातला काळा उंट हरवल्यामुळे त्या घरात आपण कोळशाचा तुकडा ठेवीत असू. त्या पटावर वाढलेला माणूस संगणकावर राज्य करू लागला, तो टाळेबंदीमुळे.

२०२० च्या एप्रिलमध्ये माझा मुलगा आठवीची परीक्षा न देताच नववीत गेला होता आणि दिवसभर घरात होता. त्याच्याजवळ ‘क्रुसेडर किंग्ज २’ नावाचा खेळ होता. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने तो २०१२ मध्ये काढला. त्यात आपण एका घराण्याचे प्रमुख असतो. राजा मरण पावला की त्याच्या वारसाच्या रूपाने आपण पुढे खेळत राहतो, ते थेट १४५३ सालापर्यंत. युद्ध, लग्ने, वारसाहक्काची भांडणे असा सगळा मध्ययुगीन संसार त्यात आहे. आरंभी तो युरोप आणि त्याच्या शेजाऱ्यांपुरता होता. २०१४ मध्ये त्याच्या नकाशात हिंदुस्थान आला. मी हट्टाने मुलाला बंगालचे पाल घराणे निवडायला लावले. विक्रमशिला आणि सोमपूर येथील महाविहार ज्यांनी उभारले, ते घराणे इतिहासात बाराव्या शतकात मावळले. निदान आमच्या बैठकीच्या खोलीत तरी ते टिकावे, एवढीच माझी भोळी इच्छा होती. मुलगा खेळात निष्णात असल्यामुळे आमचे पाल चौदाव्या शतकापर्यंत सुखरूप पोहोचले. तेथे त्यांना प्लेग भेटला.

या खेळात रोगराई हा स्वतंत्र विषय आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘द रीपर्स ड्यू’ नावाची पुरवणी आली आणि तिने देवी, गोवर, टायफस अशा साथींना आणि सर्वांत भयंकर अशा काळ्या मृत्यूला नकाशावर सविस्तर जागा दिली. साथ एका प्रांतातून शेजारच्या प्रांतात सरकते आणि त्या त्या जागी नकाशावर डाग पडत जातो. राजाला राजवैद्य नेमता येतो. परंतु त्याचे उपचार कधी रोगाहून घातक निघतात. आमच्या एका राजाचा डोळा अशाच उपचारात गेला. (याच पुरवणीत राजाला अमरत्वाचा शोध घेण्याचीही सोय आहे. रोज सायंकाळी अनित्यतेचे पाठ म्हणत वाढलेल्या मला ते पाहून हसू आले; मुलाला मात्र तो शोध घ्यायचाच होता.)

साथीवर खरा उपाय म्हणजे रुग्णालये. प्रांतोप्रांती ती बांधावी लागतात, वाढवावी लागतात, आणि त्यांच्यामुळे साथीचा जोर कमी होतो. अडचण अशी की खर्च आज होतो आणि त्याचे फळ कदाचित नातवाच्या कारकिर्दीत दिसते. त्याच पैशांत सैन्य उभारले तर पुढच्याच वर्षी एक प्रांत पदरात पडतो. माझ्या मुलाने जे केले ते बहुतेक राज्यकर्ते करतात. पश्चिमेकडून डाग पसरत आला तेव्हा आमच्याकडे हत्तीदळ उत्तम होते आणि रुग्णालय एकही नव्हते.

अशा वेळी खेळ आणखी एक मार्ग देतो. साथ राजधानीशी येऊन भिडली की राजाला दरवाजे बंद करून आत राहता येते. आतला अन्नसाठा पुरेल तितके दिवस दरबार सुरक्षित. आत कुणाला लागण झालीच, तर त्या माणसाला बाहेर काढता येते.

आम्ही दरवाजे बंद केले. काही महिने बरे गेले. मग राजाच्या धाकट्या भावाची सून आजारी पडली. पडद्यावर तिचा लहानसा चेहरा होता, खेळाने तिला एक नावही दिले होते. मुलाने माझ्याकडे पाहून विचारले, “बाबा, हिला बाहेर काढू?”

मी म्हणालो, “काढ. नाहीतर सगळेच जातील.”

त्याने काढले. ती काही दिवसांतच गेली, राजा वाचला. खेळाच्या हिशेबाने निर्णय अचूक होता. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तेच शब्द त्याच स्वरात मी आठवड्यापूर्वी दुसरीकडे उच्चारले होते.

मी आमच्या सोसायटीचा सचिव होतो. घरकामाला येणाऱ्या बायकांना फाटकाच्या आत घ्यायचे नाही, अशी सूचना माझ्याच सहीने लागली होती. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नाल्यापलीकडच्या वस्तीत राहत. महिना संपल्यावर त्या पगार न्यायला आल्या, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना बाहेरच थांबवले. मी खाली गेलो आणि पाकीट फाटकाच्या सळ्यांमधून पुढे केले. हाताला हात लागू नये म्हणून मी ते किंचित उंच धरले होते. त्यांनी पदर पसरला आणि मी पाकीट वरून सोडले.

माझी आजी गावच्या वेशीबाहेर वाढली. वरून सोडलेले पदरात झेलणे म्हणजे काय, हे तिने मला सांगितले होते. शब्दाने नव्हे, हाताने करून दाखवले होते. या वाचकांना त्याहून अधिक सांगण्याची गरज नाही. त्या रात्री मला प्रथमच लक्षात आले की हा खेळ खेळणाऱ्याला नेहमी दरवाजाच्या आतच बसवतो. बाहेर राहिलेल्यांचे काय झाले हे जाणून घ्यायचे तर नकाशावरच्या डागावरून ओळखायचे.

मुलाला मी दुसऱ्या दिवशी इतिहासातल्या काही गोष्टी सांगितल्या. १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात जहाजांबरोबर हा रोग उतरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे त्याने नेली. आव्हिन्यो येथे पोप सहावे क्लेमेंट वैद्याच्या सल्ल्यावरून दोन मोठ्या आगट्यांच्या मध्ये बसून राहिले आणि वाचले. खेळातल्या राजाचेच ते मोठे भाऊ. पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती रागुझाची, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकची गोष्ट. व्यापारावर जगणाऱ्या त्या नगराने १३७७ मध्ये नियम केला की रोगट मुलखातून येणाऱ्याने आधी नेमून दिलेल्या जागी एक महिना राहावे आणि मग नगरात यावे. पुढे हा मुक्काम चाळीस दिवसांचा झाला आणि इटालियन भाषेतल्या चाळीस या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. रागुझाने आलेल्याला परत पाठवले नाही. आत आणि बाहेर यांच्या मधली एक जागा त्याला दिली. खेळात राजाला अशी जागा कुणाला देता आली नाही.

हे सांगता सांगता मला आपले फाटक आठवले. १९९४ साल. मी आठवीत होतो.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगची बातमी आली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. सुरतेहून लाखो लोक मिळेल त्या वाहनाने पळाले. आपल्याकडे औषधांच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, रस्त्यावरची माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली, मेलेला उंदीर दिसला की सारी गल्ली गोळा होई. काही पालक येऊन मुलांना घेऊन गेले. ज्यांचे पालक येण्यासारखे नव्हते ते आपण राहिलो.

अशात एका दुपारी आमच्या वर्गातला बीडकडचा मुलगा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फाटकाशी उभा राहिला. आई आजारी म्हणून तो पंधरा दिवस गावी गेला होता. त्याचे गाव मामल्यापासून फार दूर नव्हते. आम्ही पाच-सहा मुले अंगणात होतो. त्याला पाहताच कुणीतरी ओरडले आणि फाटकाची कडी आतून लावली गेली. कडी लावणारा हात माझा होता. तो म्हणाला, “अरे, मला काही झालं नाही.” आम्ही कुणी उत्तर दिले नाही. दसऱ्यानंतर त्याचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर निघणार होते. त्या दिवशी तो माघारी गेला असता तर त्यांच्याबरोबर फडात गेला असता आणि त्याची शाळा तेथेच संपली असती. हे आम्हांला ठाऊक होते. आमच्यापैकी निम्म्यांची घरे तशीच होती.

आवाज ऐकून गृहपाल सर आले. त्यांनी आम्हांला एक शब्दही विचारला नाही. कडी काढली, मुलाची पेटी स्वतः उचलली आणि त्याला धान्याच्या कोठीशेजारच्या रिकाम्या खोलीत नेले. संध्याकाळी त्या खोलीत एक खाट गेली. थोड्या वेळाने दुसरी गेली, ती सरांची होती. एक आठवडा ते दोघे तेथे राहिले. सरांची ताटे, कपडे, पाणी सारे वेगळे. आमच्याशी बोलायचे ते ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून. म्हणजे ते निष्काळजी नव्हते, रोगाला भीत नव्हते असेही नाही. त्याच टोकावरून वंदनेनंतर एका सायंकाळी त्यांनी आम्हांला १८९७ च्या पुण्यातली गोष्ट सांगितली : डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळ उघडलेला दवाखाना, मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई, आणि १० मार्चला त्याच रोगाने आलेला त्यांचा मृत्यू. गोष्ट संपल्यावर सरांनी फाटकाचा विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

खोलीच्या उंबऱ्यापर्यंत दोघांची ताटे नेण्याचे काम सरांनी मला दिले होते. आठव्या दिवशी मी ताटे ठेवून वळलो तेव्हा ते म्हणाले, “आता आत ये. याचं बीजगणित मागं पडलंय, ते तू घे.” मी आत गेलो. मित्राने खाटेवर सरकून जागा केली आणि वही उघडता उघडता विचारले, “कडी तूच लावली होती ना?” मी हो म्हणालो. “मला दिसलं होतं,” तो म्हणाला, आणि आम्ही समीकरणे सोडवायला बसलो. आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. या स्मरणिकेत त्याचाही लेख असावा. त्याने कडीचा उल्लेख केला असेल तर तो खरा आहे.

मुलाने ही सारी हकीकत ऐकली आणि विचारले, “मग आपल्या मावशींना अशी खोली का नाही दिली?” मी त्याला सोसायटीचे ठराव, सभासदांची भीती, महापालिकेचे नियम असे बरेच काही सांगितले. मावशींचा पगार मी पुढे दर महिन्याला त्यांच्या बँकेच्या खात्यात भरत राहिलो. त्या कामावर परतल्या नोव्हेंबरात. पाकिटाविषयी त्या कधी बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही.

आमच्या फाटकाला लागूनच क्लबहाउसची खोली आहे. पंखा आहे, नळ आहे, स्वतंत्र दार आहे. त्या आठही महिन्यांत ती रिकामी होती आणि तिची किल्ली सचिव म्हणून माझ्याच कपाटात होती.