कधीं कधीं

‘नेहमीं’ आणि ‘कधींच नाहीं’ या दोन शब्दांशीं माणसाचें बरें जमतें. नेहमीं गळणारें छप्पर आपण शाकारून घेतों. कधींच न उघडणारी खिडकी आपण भिंतीचाच भाग मानून विसरून जातों. पण ‘कधीं कधीं’ हा शब्द मोठा त्रासदायक! कधीं कधीं गळणाऱ्या छपराखालीं बादली नेमकी केव्हां ठेवावी हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. या शब्दाचा आणि माझा दाट परिचय गेल्या पावसाळ्यांत झाला, आणि तो करून दिला माझ्या संगणकांतील ई-मेलच्या प्रोग्रॅमनें.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें आणि पुढें जगभरच्या लोकांनीं वाढविलेलें हें काम. त्याचा आतला मजकूर कोणालाहि वाचतां येतो, म्हणून मला त्याचा लोभ. तर झालें असें, कीं ई-मेलचा प्रोग्रॅम सुरू करावा, त्याची चौकट पडद्यावर अर्धीमुर्धी उमटावी आणि तत्क्षणीं ती नाहींशी व्हावी! ना कांहीं खुलासा, ना क्षमायाचना. पुन्हां सुरू करावा तर स्वारी अगदीं शहाण्यासारखी चालणार. पांच वेळां उघडला तर सरासरीनें एकदां असा प्रकार घडे.

मी तर्कशास्त्राचा अध्यापक. अन्वय आणि व्यतिरेक यांच्या साहाय्यानें कारण कसें शोधावें हें मीं पंचवीस वर्षें मुलांना शिकविलें आहे. मिल्लनें १८४३ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलेल्या रीतीहि फळ्यावर मांडल्या आहेत. मग एका प्रोग्रॅमची काय कथा! मीं त्याला जोडलेलीं सारीं उपांगें बंद केलीं आणि तो सहा वेळां उघडून पाहिला. सहाहि वेळां नीट चालला. रोगाचें मूळ सांपडल्याचें मीं चहाच्या वेळीं घरांत जाहीरहि करून टाकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रोग्रॅम पुन्हां कोसळला.

खजील होऊन मीं कागद-पेन्सिल घेतली. पांचांत एकदां कोसळणारी वस्तु, तिला हातहि न लावतां, सलग सहा वेळां नीट चालण्याचा संभव किती? शेंकडा सव्वीस! म्हणजे माझा विजय निवळ नशिबाचा असण्याचा संभव चारांत एक होता. तो शंभरांत एकाच्या खालीं आणायचा तर सलग एकवीस वेळां यश यावयास पाहिजे. त्या संध्याकाळीं मीं प्रोग्रॅम एकवीस वेळां उघडला. एकवीसहि वेळां चालला. सकाळीं पुन्हां कोसळला!

अखेर एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो याच धंद्यांत आहे. “सर, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतो,” तो म्हणाला. वाक्य अगदीं साधें आणि खरें. पण तें ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय खोटें सांगत होतों?

रविवारीं तो घरीं आला. त्याच्यासमोर प्रोग्रॅम दहा वेळां चालला. दवाखान्याची पायरी चढतांच दाढदुखी थांबावी तसा! मग त्यानें दोष शोधण्याच्या एका हत्याराच्या पहाऱ्याखालीं तो चालविला. तरीहि कांहीं घडेना. तेव्हां हंसून तो म्हणाला, “सर, याला हायझेनबग म्हणतात.” हायझेनबर्गनें १९२७ सालीं अनिश्चिततेचें तत्त्व मांडलें, त्याच्या नांवावर केलेली ही कोटी जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञानें १९८५ च्या एका निबंधांत वापरली आहे. जो दोष पाहूं जातांच नाहींसा होतो तो हायझेनबग. यांत जादू कांहींच नाहीं. पहारा बसला कीं प्रोग्रॅमची चाल मंदावते. शिवाय एरवीं स्मृतींतल्या त्याच्या जागा दर वेळीं बदलत असतात, त्या हें हत्यार आपण होऊन स्थिर करून ठेवतें. पाहुण्यांसमोर घर जसें नेहमींचें राहत नाहीं, तसेंच हें.

“मग आतां?” मीं विचारलें. “आतां पाहायचें नाहीं. नोंद ठेवायची आणि वाट पाहायची.” प्रोग्रॅम कोसळतांच त्या क्षणाची त्याची सारी स्मृति एका फाइलींत उतरून राहील, अशी व्यवस्था त्यानें केली. मृताची उत्तरीय तपासणी करतात ना, तशीच ही.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसहाला प्रोग्रॅम कोसळला आणि मला जो आनंद झाला, तो तो चालल्यावरहि कधीं झाला नव्हता! त्या फाइलींतून उलगडा झाला. प्रोग्रॅम सुरू होतांना त्याचे दोन धागे एकाच वेळीं कामाला लागत. एक पत्रांची सूची उघडी, दुसरा नवीं पत्रें आणून त्या सूचींत घाली. एकानें तवा ठेवावा आणि दुसऱ्यानें पोळी टाकावी, असा हा व्यवहार. पण तवा ठेवला आहे कीं नाहीं हें दुसरा विचारीतच नसे. सकाळीं संगणक नुकताच सुरू झालेला असे. सूची तबकडीवरून यावयाची, तिला उशीर होई, आणि कधीं कधीं पोळी थेट विस्तवांत पडे. एकदां उघडलेली सूची मात्र संगणकाच्या स्मृतींत राही, आणि पुढच्या खेपेस ती चटकन् मिळे. म्हणजे संध्याकाळचे माझे एकवीस प्रयोग हे एकवीस प्रयोग नव्हतेच! माझें गणित बरोबर होतें. प्रत्येक खेप स्वतंत्र आहे, हें गृहीतच चुकलें होतें. ‘सुरू होतांच नवीं पत्रें आण’ ही सूचना मीं काढून टाकली. विद्यार्थ्यानें दोषाची हकीकत कर्त्यांना कळविली, आणि पुढच्या आवृत्तींत दुरुस्ती आली.

माझें फार तर पांच मिनिटांचें नुकसान झालें. याच जातीच्या दोषानें माणसें मेलीं आहेत. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रानें १९८५ ते १९८७ या काळांत सहा रोग्यांना भयंकर अधिक मात्रा दिली. टेक्ससमधील टायलर येथें १९८६ च्या मार्चांत एक रोगी असा भाजला, तेव्हां निर्मात्यांच्या तंत्रज्ञांना तो प्रकार पुन्हां घडवितां आला नाहीं. अधिक मात्रा जाणें शक्यच नाहीं, असा त्यांनीं निर्वाळा दिला. एप्रिलांत यंत्र पुन्हां सुरू झालें आणि चारच दिवसांत दुसरा रोगी भाजला. शेवटीं तेथील भौतिकशास्त्रज्ञानें यंत्र चालविणाऱ्या बाईंना सोबत घेऊन तो दोष घडवून दाखविला. त्यांचा हात सरावानें जलद झाला होता. त्या वेगानें दुरुस्त्या टंकल्या तरच तो प्रकटे. सावकाश तपासणाऱ्याला तो दिसणार कोठून?

हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दोन वर्षांपासून माझी पत्नी मधून मधून म्हणत असे, “छातींत फडफडल्यासारखं होतं हो, मिनिटभर.” दोनदां दवाखान्यांत नेलें; दोन्ही वेळां हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. मग मीं, तर्कशास्त्राच्या अध्यापकानें, निर्णय दिला: “मनाचे खेळ आहेत.” त्यानंतर तिनें तें सांगणें सोडून दिलें, आणि तक्रार थांबली म्हणजे दुखणें थांबलें, असें मीं समजून चाललों. ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतो’ या वाक्यावर संतापलेला मी तेंच वाक्य घरांत दोन वर्षें बोलत होतों!

सकाळीं मीं तिला विचारलें. “होतं कीं अजून,” ती भाजी निवडतां निवडतां म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीं.” आठवड्याभरांत डॉक्टरांनीं होल्टरचें यंत्र तिच्या अंगाला लावलें. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाच्या नांवानें ओळखलें जाणारें हें उपकरण हृदयाची अखंड नोंद ठेवतें. पहिल्या दिवशीं कांहींच सांपडलें नाहीं. पूर्वींचा मी तेथेंच थांबलों असतों. दुसऱ्या खेपेस पहाटे चारच्या सुमारास मिनिटभर ठोक्यांची ताल चुकलेली धांव कागदावर उमटली. औषध सुरू झालें. आतां बरें आहे.

तो कागद तिनें बराच वेळ निरखून पाहिला. भय वाटेल असें मला वाटलें होतें. पण तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलें. “म्हणजे मी खरं बोलत होतें,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून तिनें आपल्या कपाटांत ठेवला.