पलटणीत काय बदलायला हवं?

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मगरिबनंतर जेवण उरकून मी टीव्हीसमोर बसलो तो साडेनऊपर्यंत हललो नाही. दिल्लीत प्रो कबड्डीची फायनल होती, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. शेवटच्या मिनिटाला फजल अत्राचलीने आपल्या आदित्य शिंदेची पकड केली आणि 31-28 ने आपण हरलो. तीन गुण! कबड्डीत तीन गुण म्हणजे एक चांगली चढाई. बायको म्हणाली, "आता टीव्ही बंद करा, तुमच्या बघण्याने ते जिंकणार नाहीत." टीव्ही बंद केला, पण डोक्यातला सामना काही बंद झाला नाही.

शाळा सुरू झाली. मी बारामतीहून इंदापूरला एसटीने जातो. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी. या दिवसांत रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो, त्यामुळे गाडीत विचार करायला भरपूर वेळ मिळतो. दोन आठवडे मी त्या गाडीत बसून एकच काम केलं. पलटणीचा संघ बांधला, मोडला आणि पुन्हा बांधला. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, लिलावात पैसे कुठे घालायचे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरला हे कोणी विचारलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

आधी हिशेब. पलटण वाईट संघ आहे का? अजिबात नाही. 2014 च्या पहिल्या हंगामात आपण तळाला होतो. तिथून निघून गेल्या चार हंगामांत तीन फायनल खेळलो. डिसेंबर 2022 मध्ये मुंबईत जयपूरकडून 33-29 ने हरलो. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिल्यांदा चषक उचलला. आणि आता ही दिल्लीची हार. मधल्या अकराव्या हंगामात मात्र आपण बाद फेरीतही पोचलो नाही. म्हणजे संघ पाडून नव्याने बांधण्याची गरज नाही. घर चांगलं आहे, एका कोपऱ्यात गळतं.

तो कोपरा डावा आहे.

ज्यांना कबड्डीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. बचावाची फळी सात जणांची. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. चढाईपटू आत आला की बहुतेक वेळा कोपऱ्यातला माणूस त्याच्या घोट्यावर किंवा मांडीवर झडप घालतो आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे. ते ज्या बाजूला जास्त जातात ती बचावाची डावी बाजू. म्हणून डावा कोपरा म्हणजे वाड्याचा दरवाजा. तिथला माणूस घाबरट असून चालत नाही आणि उतावळाही असून चालत नाही.

आपल्याकडे हा माणूस होता. एकदा नाही, दोनदा होता. नवव्या हंगामात फजल अत्राचली आपला कर्णधार होता, डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. त्याला सोडला. दहाव्या हंगामाच्या लिलावात मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 35 लाखांना घेतला. तेव्हा संघाची सगळी थैली 5 कोटींची, म्हणजे अर्ध्याच्या जवळपास पैसा एका माणसावर. पण पैसा वसूल झाला, आपण जिंकलो, शादलुई त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मग तोही गेला. हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना नेला आणि पुढच्याच हंगामात हरियाणा जिंकली. तीही फायनल झाली कुठे, तर आपल्या बालेवाडीत! आणि परवा आपल्याला शेवटची पकड केली ती फजलने. आपण सोडलेला एक डावा कोपरा दुसऱ्याला चषक देऊन आला आणि दुसरा चषक आपल्याच हातातून काढून घेऊन गेला.

यावर टपरीवरचं मत सरळ आहे, तिसरा इराणी आणा. इंदापूरच्या स्टँडसमोर चहा घेताना आमची रोज निवड समितीची बैठक भरते. माझं मत वेगळं आहे. लिलावातला मोठा खेळाडू हा भाड्याचा बैल आहे. नांगरट चांगली करतो, पण पुढच्या वर्षी तो आपल्या दावणीला असेल याची खात्री नाही. पलटणीची खरी कमाई वेगळी आहे. युवा पलटण नावाचा तिचा तरुण पोरांचा संघ आहे. आदित्य शिंदेसारखी पोरं अशा तालमीतून वर येतात. पंकज मोहिते, अस्लम इनामदार, बचावात उजव्या बाजूला गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन, हे सगळे आपण वर्षानुवर्षं राखलेले. उजवी बाजू जशी धीर धरून घडवली तशीच डावीही घडवा. एक मुरलेला, वय झालेला डावा कोपरा कमी पैशांत घ्या, त्याच्या हाताखाली एक 19-20 वर्षांचा पोरगा दोन हंगाम उभा करा. शादलुईसाठी मोजले त्याच्या चौथाई पैशात हे होईल.

दुसरं मत शेवटच्या पाच मिनिटांचं. तेलुगू टायटन्सविरुद्ध क्वालिफायरमध्ये आपण 50 गुण केले आणि 45 दिले. त्याआधी दिल्लीशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये हरलो. गुण करणं हे आपलं दुखणं नाही. घड्याळ उलटं धावायला लागलं की थांबायचं कुठे, हे आपल्या तरुण पोरांना कळत नाही. प्रशिक्षक अजय ठाकूर स्वतः केवढा मोठा चढाईपटू! 2016 च्या विश्वचषकात इराणविरुद्धची फायनल त्यानेच काढून दिली होती. पण म्हणूनच त्याच्या शेजारी बाकावर एक जुना, खडूस बचावपटू बसायला हवा. पुण्यात असे लोक कमी नाहीत.

तिसऱ्या मतापाशी मी दोन आठवडे अडखळलो. ते अस्लमबद्दल आहे.

अस्लम इनामदार आपला कर्णधार. अहिल्यानगर जिल्ह्यातला, मराठी बोलणारा मुलगा. दहाव्या हंगामात संपूर्ण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. 1 मार्च 2024, तोही शुक्रवारच होता. त्या रात्री त्याने चषक उचलला तेव्हा माझ्या मोबाइलवर सगळ्यात आधी टपरीवरच्या अण्णांचा फोन आला. "सर, आपल्या अस्लमने करून दाखवलं!" मी नुसता हसत राहिलो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

परवा सुट्टीनंतर पहिल्या दिवशी गेलो तर अण्णा म्हणाले, "सर, तुमच्या अस्लमचं काय करायचं आता?"

आपला आणि तुमचा. अण्णांच्या मनात काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. वीस वर्षं मी त्यांच्याकडे चहा पितो. ईदला शीरखुर्म्याचा डबा पहिला त्यांच्याकडे जातो. त्यांच्या तोंडून तो शब्द सहज आला, आणि सहज आला म्हणूनच तो माझ्या कानात राहिला. जिंकला तेव्हा आपला होता. हरला आणि माझ्याकडे ढकलला गेला, जसा वर्गात खोडी करणारा मुलगा "तुमच्या वर्गातला" होतो.

आणि गंमत म्हणजे मला अस्लमबद्दल खरंच काहीतरी सांगायचं होतं. मला म्हणायचं होतं, त्याच्यावरचं ओझं कमी करा. अकराव्या हंगामात गुडघा दुखावून तो मधूनच बाहेर गेला आणि संघ कोलमडला. गुडघ्यातून उठलेल्या माणसाला बाराव्यात पुन्हा कर्णधार केलं, ते बरोबरच. पण तिसरी चढाई आली की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. ती सगळ्यात धोक्याची चढाई. त्यात समोरचे अंगावर येणार, वळताना सगळा भार गुडघ्यावर येणार. तिथे पंकजला पाठवा, आदित्यला पाठवा. अस्लमला मैदानात राहू द्या, डोकं चालवू द्या. कर्णधार बाहेर बाकावर बसला की संघ पोरका होतो.

पण हे टपरीवर म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याला राखा म्हटलं तर "सर म्हणणारच". कमी खेळवा म्हटलं तर "बघा, सरसुद्धा म्हणतात". दोन्हीकडून माझं मत कबड्डीचं राहत नाही. मी म्हणालो, "बघू," आणि चहा संपवला. मास्तरने "बघू" म्हणणं म्हणजे प्रश्न सोडून देणं.

त्या रविवारी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्याबद्दल आजवर मी कधी लिहिलेलं नाही.

2023 च्या पावसाळ्यात तालुका स्पर्धा होत्या. लहान शाळेत भाषेचा मास्तर संघही घेऊन जातो, तसा मी गेलो होतो. हा पोरगा आमचा मुख्य चढाईपटू. दहावीतला. पहिल्या सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला, दुपारपर्यंत सुजला. "सर, काही नाही, बांधून द्या." मी क्रेप बँडेज बांधलं. आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलो होतो आणि मला फायनल दिसत होती. शेवटच्या मिनिटांत तिसरी चढाई आली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आवाज मला बाहेर ऐकू आला. लिगामेंट तुटलं होतं. वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ऑपरेशनसाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली आणि ती दोन हंगाम फेडली. मी जमेल तेवढे पैसे दिले. पोरगा पुन्हा खेळला नाही. आता दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो. त्याचे अब्बा मला आजही रस्त्यात भेटले की आधी सलाम करतात. तो सलाम घेताना माझी मान खाली जाते. तो म्हणतो, "सर, मीच म्हणालो होतो ना." पण सोळा वर्षांचं पोरगं हो म्हणणारच. नाही म्हणायचं काम मोठ्या माणसाचं होतं आणि तिथे मोठा माणूस मीच होतो.

तर त्या रविवारी आम्ही दोघं मोबाइलवर फायनल पुन्हा बघत होतो. मी त्याला माझी सगळी मतं सांगितली, डावा कोपरा, युवा पलटण, जुना बचावपटू. तो ऐकत होता. मग मी म्हणालो, "अस्लमचं काय करावं, सांग."

तो लगेच म्हणाला, "ठेवायचा. पण तिसऱ्या चढाईला नाही पाठवायचा, सर."

एवढंच. त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं. टपरीवर जे बोलायला मी दोन आठवडे शब्द शोधत होतो, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. कारण तो अस्लमच्या नावाबद्दल बोलत नव्हता, गुडघ्याबद्दल बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे गेलो आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. डावा कोपरा देशी हवा. इराण्यावर निम्मी थैली उधळू नका. बाकावर एक बचावाचा माणूस बसवा. "आणि आपल्या अस्लमला राखा, कर्णधार तोच हवा, पण त्याला तिसऱ्या चढाईपासून वाचवा." आपल्या हा शब्द मी जरा जोरात म्हटला असेन. अण्णा गाळणी झटकत म्हणाले, "मग तिसरी चढाई कोण करणार?" मी म्हणालो, "पंकज." त्यावर बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "पंकजचाही भरवसा नाही, सर," आणि वाद पुन्हा सुरू झाला. पहिल्या तासाला पोचायला मला पाच मिनिटं उशीर झाला.

लिलाव अजून लांब आहे. तोवर आमची समिती रोज भरणार. आमच्या शाळेच्या संघासाठी मात्र एक नियम मी आत्ताच केला आहे. कोणाचा गुडघा, घोटा, खांदा दुखला की त्या दिवशी तो खेळणार नाही, मग समोर फायनल का असेना. दुखतंय की नाही हे त्या पोराला विचारायचं नाही, आपण बघायचं. दर रविवारी मैदानावर ते बघायला माझा तो जुना विद्यार्थी येतो. लहान पोरांना घोट्याची पकड शिकवतो, स्वतः मात्र रेषेबाहेर उभा राहून. परवा त्याने सातवीतल्या एका मुलाला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि मला म्हणाला, "सर, हा बघा. घाबरत नाही आणि घाईपण करत नाही."