मांजराची बदली

बँकेतल्या माणसाला बदलीचं अप्रूप नसतं. ऑर्डर आली की सामान बांधायचं, जॉइनिंग टाइम मोजून घ्यायचा आणि नव्या शाखेच्या हजेरीबुकात सही ठोकायची. मांजरावर मात्र असली ऑर्डर बजावता येत नाही. मांजरी पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. पण ती आपल्या मर्जीने! दुसऱ्या कुणी आठवं घर दाखवलं की ती संपावर जाते.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची. आमचा वाडा तेवढा जुना नव्हे, पण गळण्यात पेशवाईच्याही आधीचा वाटे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हासुद्धा आमच्या आजीने गाळ उपसून तिथेच पुन्हा चूल मांडली होती. पुराला जमलं नाही ते बिल्डरच्या करारनाम्याने केलं. तीन वर्षं कोथरूडला भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला. म्हणजे नदीपलीकडे! पेठेच्या हिशेबाने परदेशगमनच.

वाडा न सोडलेल्या घरात दोघी. आई, वय ७४. आणि ठमी, वय ६. आई म्हणाली, "माझं काय, मी कुठेही राहीन. त्या मुक्या जिवाचं बघा."

जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "मांजर घर ओळखतं नाकाने. खांबाला, कपाटाला, तुमच्या पायाला गाल घासून आपला वास लावत असतं. नव्या घरात तो वास नाही, म्हणून घाबरतं."

बी. कॉम. झालेल्या माणसाला एवढं पुरे. ओपनिंग बॅलन्स निल! खातं दुसऱ्या शाखेत नेलं तरी जुनी शिल्लक पुढे ओढावी लागते; इथे शिल्लक वासाची, एवढाच फरक.

मग पद्धतशीर कामाला लागलो. झाकणाची टोपली आठवडाभर आधीच माजघरात उघडी ठेवली. ठमी आपणहून तिच्यात झोपू लागली. तिची गोधडी धुवायची नाही, असा हुकूम निघाला. सौ.ने तो नाक दाबून मान्य केला. नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली, आईची. तिथे तीच गोधडी, तीच ताटली, तेच वाळूचं घमेलं, लपायला एक खोकं. जेवणाच्या वेळा पेठेतल्याच. खिडक्यांना जाळ्या, कारण निसटलं तर मांजर जुन्या घराची वाट धरतं, आणि वाटेत कर्वे रस्ता आहे. ओढून बाहेर काढायचं नाही. दिवसभर काही खाल्लं नाही तर मात्र डॉक्टरांना कळवायचं. मांजराच्या उपासाला एकादशीचं पुण्य नाही. दोन-तीन दिवसांतच तो यकृतावर येतो.

ठमी जी पलंगाखाली शिरली ती शिरलीच. संध्याकाळ गेली. ताटली भरलेली. आईनेही पान बाजूला सारलं. "भूकच नाही रे."

मी खोलीभर पाहिलं. गादी नवी, चादर नवी, पडदे नवे. डॉक्टरांचं वाक्य आठवलं, आणि बांधून ठेवलेलं सामान रात्री साडेदहाला सोडायला घेतलं. आईची जुनी ट्रंक निघाली, पितळी डबा निघाला, तिच्या लुगड्यांची शिवलेली, नरम पडलेली दुलई निघाली. सौ.ने काही न विचारता नवी चादर काढून घेतली. दुलईला वाड्याचा वास होता: धूर, कापूर, थोडी ओल.

सकाळी सातला, पेठेतल्याच वेळेला, आई कपबशी घेऊन पलंगावर बसली. ठमी हळूच बाहेर आली. तिने ट्रंकेला गाल घासला, पलंगाच्या पायाला घासला, मग आईच्या. आणि ताटलीकडे गेली.

"लागलं हो तिला घर," आई म्हणाली, आणि त्या दिवशी दुपारी तिने अर्धी पोळी जास्त घेतली.

तीन वर्षांनी पेठेत परत जायचं आहे, तेही नव्याकोऱ्या भिंतींत. म्हणून दोन्ही गोधड्या अजून धुतलेल्या नाहीत. सौ. नाक दाबून दिवस मोजते आहे.